सातबारा मिळतो, फेरफार मिळत नाही : आमच्या हॉकी लीगच्या साइटचा सात हंगामांनंतरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कशाला कापला आणि अख्खा एक कशाला, ते खाली येईलच.

माझं चिपळूणच्या बाजारपेठेत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार आणि वारसनोंदीचे अर्ज बडवतो. मूळ घर गुहागरला, वरच्या पाटात. २०१८ च्या गणपतीला माझा चुलत भाऊ, आमचा दादा, कॅनडाहून मुलाला घेऊन आला होता आणि त्या दोघांनी आम्हाला एनएचएलच्या, म्हणजे तिकडच्या बर्फावरच्या हॉकीच्या नादाला लावलं. बर्फ आमच्याकडे फक्त मासळीच्या टबात. पण बाहेर पाऊस, दिवे गेलेले आणि पत्त्यांचा कॅट अपुरा, अशी ती रात्र होती. आठ जणांनी ओटीवर बसून तिकडच्या खऱ्या खेळाडूंचे आठ फँटसी संघ केले. नियम कोण लिहिणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लीग चालवणाऱ्याला कमिशनर म्हणतात, पण आमच्यात मला तसं कुणी म्हणत नाही, तलाठी म्हणतात.

ज्या साइटवर ही लीग चालते तिचं नाव लिहीत नाही. तक्रारी माझ्या आहेत, आणि या जातीच्या साइट थोड्याफार फरकाने सारख्याच. नाव महत्त्वाचं नाही, दुखणं महत्त्वाचं.

क्रिकेटच्या फँटसीत मॅचपुरता संघ लावला आणि रात्री विसरला, असं असतं. आमची डायनस्टी लीग तशी नाही. इथे एकदा घेतलेला खेळाडू तुमचाच. तुम्ही तो दुसऱ्याला देईपर्यंत, सोडून देईपर्यंत किंवा तो स्वतःच स्केट्स खुंटीला टांगेपर्यंत. दर आठवड्याला एकाशी सामना, गोल, असिस्ट, शॉट, गोलीचे, म्हणजे गोलरक्षकाचे, सेव्ह असे रकाने, ज्याचे रकाने जास्त तो जिंकला. मार्चअखेर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. पुढच्या गणपतीत फक्त नवीन पोरांचा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने निवड, बाकी जमीन ज्याची त्याच्या नावावर. पैसा नाही. जिंकणाऱ्याला बाकीच्यांनी मिळून हापूसची एक पेटी द्यायची, एवढंच. (ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हा आमच्या जुन्या भिडूने, दापोलीच्या डॉक्टरने, घाबरून फोन केला होता. त्याला म्हटलं, पेटीतले आंबे तू दोन वर्षं दिलेलेच नाहीस, तुला कोण पकडतंय.)

आता साइटचं चांगलं आधी. खेळाडूंची माहिती पक्की. कुणाचा गुडघा दुखावला, कोण खालच्या एएचएल लीगमध्ये गेला, कोण वर आला, हे चहा उकळायच्या आत दिसतं. नियमांसाठी बटणं भरपूर. संघात माणसं किती, गोली किती, राखीव पोरं (फार्म) किती, कुठले रकाने मोजायचे, सौदा किती मतांनी अडवायचा, सगळं फिरवता येतं. पैसे भरले की जाहिराती जातात, ते आम्ही दुसऱ्याच वर्षी केलं. नवीन माणसाला अर्ध्या तासात समजतं. माझ्या मेव्हण्याला, मालवणात ज्याचा ट्रॉलर आहे, त्याला वीस मिनिटांत समजलं. पण त्याला लिलाव कळतो.

पहिल्या वर्षीचे नियम एका पानावर नऊ ओळींत बसले होते. हिरव्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली होती, तेव्हा भाची म्हणाली, “मामा, एवढी कशाला?” सध्या दुसरी वही चालू आहे आणि आतापर्यंतचे फेरफार एक्केचाळीस.

फेरफार हा शब्द मुद्दाम वापरतोय. ज्याने जमिनीचा कागद कधी काढलाय त्याला कळेल. सातबाऱ्यावर आज जमीन कुणाची ते दिसतं. ती त्याच्याकडे कशी आली, कुठल्या साली, कुणाच्या मरणाने की कुणाच्या खरेदीखताने, ते बघायचं तर गाव नमुना सहा, फेरफाराची नोंदवही उघडावी लागते. साइट आम्हाला सातबारा देते. सेटिंगच्या पानावर आजचा नियम लख्ख दिसतो. काल काय होता, कधी बदलला, का बदलला, याचा पत्ता नाही. तुम्ही बटण फिरवलं की जुनं गेलं, जसं काही कधी नव्हतंच. डायनस्टी लीगमध्ये हे चालत नाही. कारण इथे माणूस आजच्या नियमावर विसंबून चार वर्षांनंतरचा सौदा करतो.

हा अख्खा एक गुण इथेच गेला.

पहिले दोन फेरफार गोलींपायी. तेव्हा एनएचएलमध्ये ३१ संघ होते, म्हणजे रोज खेळणारे एक नंबरचे गोली साधारण तेवढेच. आठ जणांत कमी पडायचं कारण नव्हतं. दादाने सहा उचलून ठेवले. वापरायचे दोन, बाकी चार दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून. धान्य दाबून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यासारखा. मग नियम आला : गोली चारच्या वर नाहीत. तोवर खालच्या पाटातल्या धाकट्याने दुसरी पळवाट काढली. गोलीचे दोन रकाने सरासरीचे असतात, मॅचमागे किती गोल खाल्ले आणि शंभरात किती अडवले. याने सोमवारी एक गोली लावला, त्याने भोपळा राखला, आणि आठवडाभर याने दुसरा कुणी लावलाच नाही. दोन्ही रकाने खिशात. म्हणून आठवड्याला किमान तीन सामने गोलीने खेळलेच पाहिजेत. हे दोन्ही साइटवर बटणाने झालं, कौतुकच आहे.

सातव्या फेरफारावर मात्र जरा थांबतो, कारण आमच्या लीगचं घर त्या खांबावर उभं आहे.

२०१८ च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या फेरीत भाचीने किरिल काप्रिझोव्ह असं नाव घेतलं. पोरगी तेव्हा दहावीत. हा पोरगा रशियात मॉस्कोच्या संघाकडून खेळत होता. एनएचएलच्या मिनेसोटा संघाने त्याला २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर उचललेलं, आणि तो अमेरिकेत कधी येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हिने कुठेतरी फेब्रुवारी २०१८ च्या ऑलिंपिक फायनलची क्लिप बघितली होती, जर्मनीविरुद्ध ओव्हरटाइममध्ये याने मारलेला गोल. तेवढ्यावर घेतला. सगळे हसले. तो तिच्या फार्ममध्ये, म्हणजे अजून वर न आलेल्या पोरांच्या रांगेत, जाऊन बसला.

वर्ष गेलं. २०१९ च्या ऋषिपंचमीच्या रात्री आमची सभा. ती त्याच रात्री असते, चतुर्थीला आरत्यांतून कुणाला फुरसत नसते. ऋषीची भाजी जेवून सगळे ओटीवर, पुढे वही, शेजारच्या वाडीत भजन लागलेलं. दादा त्या वर्षी फोनवर होता. त्याने ठराव मांडला : फार्ममध्ये खेळाडू तीन वर्षांच्या वर ठेवता येणार नाही, नाहीतर माणसं जागा अडवून बसतात. ठराव चांगलाच होता. मीही हात वर करणार होतो. तेवढ्यात भाची पानाच्या डब्यापलीकडून म्हणाली,

“मामा, मी त्याला घेतला तेव्हा हे कलम होतं का?”

“नव्हतं.”

“मग मला कसं लागेल?”

दादा फोनवरून म्हणाला, “अगं, नियम सगळ्यांना सारखा.”

“सारखा म्हणजे कालपासून की आजपासून, ते सांग ना दादामामा.”

कुळकायद्याचे कागद टाइप करून माझे केस पांढरे झाले, आणि मला हे आधी सुचू नये याची लाज वाटली. त्या रात्री वहीत लिहिलेली ओळ अशी : “फेरफार क्र. ७. कोणताही नवा नियम ठरावाच्या तारखेनंतर घेतलेल्या खेळाडूंना व पुढील हंगामापासून लागू. मागील तारखेपासून कोणताही नियम लागू होणार नाही.” सहा विरुद्ध दोन. फार्मची तीन वर्षांची अटही मंजूर झाली, पण काप्रिझोव्ह त्यातून सुटला.

साइटला हे सांगायची सोय नाही. तिच्याकडे फार्मच्या अटीचं एकच बटण, सगळ्यांना लागणारं. म्हणजे आम्ही ते बटण बंद ठेवायचं आणि तीन वर्षं कुणाची भरली ते मी वहीत बोटं मोजून ठेवायचं. मी साइटच्या मदत विभागाला मेल केला. चौथ्या दिवशी उत्तर आलं, सभ्य होतं, त्यात मला आधीच माहीत असलेल्या पानाची लिंक होती.

पोरगी थांबली. १४ जानेवारी २०२१ ला लॉस एंजेलिसमध्ये तो पहिला सामना खेळला, आपल्याकडे तो किंक्रांतीचा दिवस, सकाळ. ओव्हरटाइममध्ये त्यानेच गोल मारून सामना संपवला. त्या हंगामात ५५ सामन्यांत २७ गोल, ५१ गुण, आणि वर्षातल्या उत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी. पहिल्या सामन्याच्या दिवशी आम्हाला भाचीकडून फोनवर फक्त एक तिळगुळाचं चित्र आलं. हा पुरस्कार सव्विसाच्या आतल्यालाच मिळतो, तोही नियम असाच एकामुळे आलेला. १९९० मध्ये सर्गेई माकारोव्ह हा मुरलेला रशियन ३१ व्या वर्षी ‘नवोदित’ ठरून ट्रॉफी घेऊन गेला, त्यानंतर वयाची अट आली. म्हणजे खुद्द तिकडच्यांची वहीसुद्धा आमच्यासारखीच भरत गेलेली आहे.

मधला कोविडचा भाग भरभर सांगतो. १२ मार्च २०२० ला एनएचएल थांबली, आमचा प्लेऑफ तोंडावर होता. विजेता कोण? कुणी नाही. पेटी कुणाला? कुणाला नाही, शिवाय एप्रिलात पेट्या मुंबईलाच पोचताना मारामार. वहीत ‘अस्मानी-सुलतानी’ नावाचं कलम घातलं : हंगाम अर्ध्यावर तुटला तर विजेता नाही, ड्राफ्टचा क्रम उलट्या गुणतक्त्याने. पुढचा हंगाम ५६ सामन्यांचा, जानेवारीत सुरू. साइटने वेळापत्रक स्वतःहून जुळवून घेतलं, आम्हाला काही करावं लागलं नाही. त्याचा पाव गुण मी मनात वाढवून दिला होता, तो पुढे खर्च झाला.

त्याच हंगामात जखमींच्या रकान्याची भानगड. साइटवर जखमी खेळाडूसाठी वेगळी जागा असते. तो तिथे टाकला की त्याच्या बदली दुसरा घेता येतो. दापोलीच्या डॉक्टरचा माणूस बरा झाला, खेळायला लागला, तरी हा त्याला जखमींतच ठेवायचा, आणि संघात एक माणूस जास्तीचा. साइट काही बोलायची नाही, जोवर तुम्ही नवी खरेदी करत नाही तोवर. डॉक्टर माणूस, वर म्हणतो, “पेशंट बरा झाला की नाही ते मी ठरवणार.” आम्ही त्याच्यावर तुटून पडलो, आणि त्याच उन्हाळ्यात एनएचएलच्या टॅम्पा संघाने आमचं तोंड बंद केलं. त्यांचा निकिता कुचेरोव्ह कंबरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेमुळे अख्खा नियमित हंगाम बाहेर, त्याचा ९.५ मिलियन डॉलरचा पगार संघाच्या एकूण पगारमर्यादेत धरला नाही, आणि प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला हा ताजातवाना हजर. २३ सामन्यांत ३२ गुण, टॅम्पाने कप नेला. सगळं तेव्हाच्या नियमांत बसणारं. प्लेऑफमध्येही पगारमर्यादा मोजायचा नियम एनएचएलने थेट २०२५-२६ च्या हंगामापासून लावला. आम्ही डॉक्टरला त्याच गणपतीत बांधला : बरा झालेला माणूस दोन दिवसांत बाहेर काढला नाही तर त्या आठवड्याचे सगळे रकाने शून्य. तपासायचं कुणी? तलाठ्याने. रोज पहाटे. साइटला हे आपोआप करता येत नाही, की करायचं नाही, देव जाणे.

आणि मग २२ जुलै २०२१.

एनएचएलमध्ये सिएटलचा ३२ वा संघ येत होता. लास वेगास सोडून बाकीच्या संघांनी ठरावीक खेळाडू राखून ठेवायचे आणि उरलेल्यांतून सिएटलने एकेक उचलायचा, असा तो ड्राफ्ट. तिकडची २१ जुलैची संध्याकाळ, आपली २२ ची पहाट. आमच्याही लीगमध्ये दोन नवीन संघ घ्यायचे ठरलं होतं, त्याच पद्धतीने. प्रत्येकाने अकरा राखायचे, बाकी खुले. याद्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या आणि वही दुकानात खालच्या फळीवर. पहाटे साडेपाचला मी तो ड्राफ्ट मोबाइलवर बघायला बसणार होतो. त्याआधीच वाशिष्ठी बाजारात आली.

पुराचं वर्णन करत नाही, चिपळूणच्या माणसाला ते सांगायला नको आणि बाकीच्यांनी फोटो बघितलेत. दोन झेरॉक्स मशिनं गेली, लॅमिनेटर गेलं, लोकांचे टाइप करून ठेवलेले कागद गेले. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा वही सापडली. हिरवा पुठ्ठा तसाच, आत चिखलाचा एक लगदा. शाईचं पेन वापरू नये एवढी अक्कल टायपिंगवाल्याला नसावी.

सप्टेंबरात गणपतीला नवी वही घेऊन बसलो. आठवणीने लिहू म्हटलं. सौदा अडवायला किती मतं लागायची? साइटवर आकडा होता चार. पण ते चार आठ संघांतले की दहा संघांचं ठरवताना वाढवलेले? खालच्या पाटातला थोरला, धाकट्याचा भाऊ, म्हणाला पहिल्यापासून चार. दादा म्हणाला पहिल्या वर्षी पाच होते. मला पक्कं आठवत होतं की आम्ही मतदानच काढून टाकायचं ठरवलं होतं, कारण ज्याला त्याला दुसऱ्याचा सौदा डोळ्यात खुपायचा आणि चांगले व्यवहारही पडायचे. तीन माणसं, तीन नियम, आणि साइट एकाच आकड्यावर बोट ठेवून गप्प. तेव्हा मला साइटचा खरा राग आला. पाणी माझ्या वहीत शिरलं, पण साइटची वही परदेशात कुठेतरी कोरडी ठणठणीत होती ना. तिने एक तारीख लिहून ठेवली असती तर काय झिजलं असतं?

त्या रात्रीपासून प्रत्येक फेरफाराला तारीख, मांडणारा, मतं आणि ‘कारण’ असा रकाना. कारण लिहायचंच. “बरं वाटलं म्हणून” चालणार नाही. पान झालं की फोटो सगळ्यांना. सौद्याचं असं ठरलं : मतदान बंद, दोघांत उघड संगनमत दिसलं तरच तलाठ्याने अडवायचं. आणि एकाच रेशनकार्डावरच्या दोघांत सौदा असेल तर आधी दोन दिवस सगळ्यांसमोर ठेवायचा. हे खालच्या पाटातल्या थोरल्या-धाकट्यासाठी. त्यांना राग आला नाही, उलट धाकटा म्हणाला, “आमचं कार्ड वेगळं केलंय गेल्या महिन्यात.”

हरण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण नवीन लीग काढणारा प्रत्येक जण इथे ठेच खातो. शेवटच्याला पहिला पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये पहिली निवड, हा नियम ऐकायला न्यायाचा वाटतो. २०२१-२२ मध्ये थोरला मुद्दाम हरला. ज्या दिवशी ज्यांचे सामने नाहीत नेमके तेच खेळाडू लावायचा. सगळं शेन राइटसाठी. वर्षभर जो तो म्हणत होता की २०२२ चा पहिला पिक हाच. जुलैत मॉन्ट्रियलला ड्राफ्ट झाला, मॉन्ट्रियलने पहिला घेतला युराय स्लाफकोव्हस्की, आणि राइट घसरत चौथ्यावर सिएटलला. थोरल्याने तरीही आमच्यात पहिला राइटच घेतला. वर्षभर ज्याच्यासाठी हरलो त्याला सोडू कसा, म्हणाला. यावर काय बोलणार.

पुढे तर २०२३ ला कॉनर बेडार्ड येणार होता, त्याच्यासाठी निम्मी लीग हरायला बसली असती. म्हणून २०२२ च्या ऋषिपंचमीला फेरफार : प्लेऑफबाहेरच्या सहा जणांच्या चिठ्ठ्या. शेवटच्याच्या सहा, त्याच्या वरच्याच्या पाच, अशा एकापर्यंत, एकूण एकवीस. आणि ज्या आठवड्यात कुणी जाणूनबुजून जागा रिकामी ठेवेल, त्याची एक चिठ्ठी फाडायची. हे शेवटचं कलम आमचं स्वतःचं, कुठून घेतलेलं नाही, आणि माझ्या मते वहीतलं सगळ्यांत चांगलं. एनएचएलमध्येही लॉटरीच असते. २०२३ ला तळाशी होता अ‍ॅनाहाइम, पण निघाला खालून तिसरा शिकागो, आणि बेडार्ड तिकडे गेला. आमच्याकडे थोरला परत तळाला, दोन आठवडे रिकामे सोडले म्हणून दोन चिठ्ठ्या फाडलेल्या. देवघरातला तांब्या घेतला, एकोणीस चिठ्ठ्या, शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीने हात घातला. निघाला मालवणचा मेव्हणा. तोही खालून तिसरा! साइटवर लॉटरीचं बटण आहे, पण चिठ्ठी फाडायचं नाही, आणि ते आकडे आत कसे फिरवतं ते दिसत नाही. तांब्याला कुणी नावं ठेवत नाही.

सगळ्यांत महाग धडा दिला तो मात्र डॉक्टरने. मार्च २०२३, शिमग्याचे दिवस, सौद्यांची मुदत आपल्या घड्याळाने रात्री दीडला संपणार. त्याने जिंकायच्या ईर्ष्येने २०२४, २०२५ आणि २०२६ चे पहिल्या फेरीचे पिक देऊन तीन मोठे खेळाडू आणले. सेमीफायनलला हरला. आणि जूनमध्ये म्हणाला, “मला दवाखान्यातून वेळ होत नाही, मी सोडतो.” म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढवून, जमीन गहाण टाकून, चावी ओट्यावर ठेवून गेला. असला संघ कोण घेणार? रत्नागिरीच्या एका कॉलेजातल्या पोराला विनवण्या करून दिला, वर पहिल्या फेरीच्या शेवटी एक जादा पिक. डॉक्टर आता त्याच पोराचा सल्लागार म्हणून सगळ्या चर्चेत असतो, त्याला दवाखान्यातून वेळ होतो. तेव्हापासून दोन वर्षांपुढचा पिक विकायचा नाही, आणि पुढच्या वर्षीचा विकलात तर पेटीचा वाटा आगाऊ जमा. साइट तीन वर्षांपर्यंतचे पिक हसत हसत विकू देते. विकणारा टिकेल का, ते ती विचारत नाही.

अर्धा गुण कापला तो वेळेपायी. साइटवरच्या सगळ्या वेळा तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या, बदलता येत नाहीत. तिकडचे सातचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला. मार्चमध्ये त्यांची घड्याळं तासभर पुढे सरकली की साडेचारला. मेव्हणा पाच वाजता बंदरावर लिलाव लागायच्या आधी संघ लावतो. २०२४ च्या मार्चमध्ये त्या सोमवारच्या आठवड्यात दोन दिवस त्याची माणसं बाकावरच राहिली, प्लेऑफमधली जागा गेली, आणि महिनाभर त्याने मला बांगडासुद्धा पाठवला नाही. त्यात मार्चअखेर-एप्रिल म्हणजे आंबा. आमच्यातल्या चौघांच्या बागा. झाडावर माणसं चढलेली, पेट्या भरायच्या, गाडी लागलेली, आणि नेमका तेव्हा आमचा प्लेऑफ. म्हणून मुखत्यारपत्राचं कलम : आंब्याच्या दिवसांत संघ लावायचा अधिकार दुसऱ्या कुणाला लेखी देता येतो, फक्त समोरच्या सामन्यातल्याला नाही. साइटवर सहमालक जोडायची सोय आहे, ती इथे छान उपयोगी पडते. मोबाइल अ‍ॅप मात्र बागेत, रेंज एक काडी असताना, ‘सेव्ह झालं’ म्हणतं आणि झालेलं नसतं.

छोटे बदल बरेच आहेत, सगळे सांगत नाही. प्लस-मायनस काढून टाकला, कारण तुमचा माणूस नुसता बर्फावर उभा असताना दुसऱ्याने गोल खाल्ला तरी याला उणे एक, यावरून दोन वर्षं भांडणं. त्याऐवजी हिट आणि ब्लॉक. फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलानच्या ऑलिंपिकसाठी एनएचएलची सुट्टी, तेव्हा तीन आठवड्यांचा एकच सामना धरायचं ठरलं. २०२६-२७ पासून ८२ ऐवजी ८४ सामने होणार, त्याचं २०२६ च्या गणपतीत बघू.

कुणी विचारलं तर साइट घ्या असंच सांगेन. पैसे भरून घ्या. आणि बॉलपेनने लिहायची एक वही घ्या, वरच्या फळीवर ठेवा.

२०२५ च्या गणपतीत मेव्हण्याने नवा ठराव आणला : आपल्यातही पगारमर्यादा हवी. खेळाडूंचे खरे पगार मोजायचे, बेरीज ठरावीक आकड्यावर गेली तर कुणाला तरी सोडावं लागेल. चर्चा लांबली, मतदान दसऱ्यावर ढकललं. ३० सप्टेंबरला बातमी आली की मिनेसोटाने काप्रिझोव्हशी आठ वर्षांचा १३६ मिलियन डॉलरचा करार केला. २०२६-२७ पासून वर्षाला १७ मिलियन, तेव्हा एनएचएलमध्ये सगळ्यांत जास्त. मेव्हण्याने लगेच ग्रुपवर ती बातमी टाकली, खाली तीन हसरी तोंडं.

रात्री पावणेबाराला भाचीचं उत्तर आलं. ती आता पुण्याला नोकरी करते. एक अक्षर नाही, फक्त फोटो. नव्या वहीचं पहिलं पान, पुरानंतर मी आठवून पुन्हा उतरवलेलं, बॉलपेनने. त्यातल्या सातव्या नोंदीभोवती तिने लाल गोल केला होता.